प्रतिज्ञेचा फोटो

नागपूर,
१९ डिसेंबर २०२४

प्रीते,

कशी आहेस वं? पोरगी आता घरभर धावत असन. आपल्या वर्गातल्या पिंकीच्या स्टेटसवर पाह्यली, नाक तुझंच आहे. काटोलले थंडी लय पडली असन. मी मजेत. आईचे गुडघे तसेच, बाबाच्या बागेत संत्र्याची तोडणी चालू आहे.

पत्र पाहून घाबरू नको, सारे खुशाल आहेत. फोनवर लिहिलं असतं तर तू वाचलं का नाही वाचलं हेच पाहत बसली असती, म्हणून कागद घेतला. अन् आपण बोलतो तसंच लिहून राहिली. शुद्ध लिहिलं की मले रजेचा अर्ज लिहिल्यासारखं वाटते. तू आता मास्तरीण, पण लाल पेन घेऊन बसू नको.

तुले माहीत नसन, मी दीड वर्षापासून लग्नाचे फोटो काढते. गांधीबागेजवळ शालिकराम भाऊचा स्टुडिओ आहे, तिथं. वर्षभर नुसता लाइट धरला. मग भाऊनं साखरपुडा, नवरीचा शूट, लग्नाआधीचा जोडीचा शूट, याचं सारं ठरवायचं काम माझ्याकडं दिलं. ऊन कुठून येते, साडी कोणती, पार्लरवाली एक तास म्हणाली की तीन तास धरायचे, नवरदेवाची बहीण रुसली तर तिचा एक वेगळा फोटो काढायचा. ह्या कामात कॅमेरा कमी अन् तोंडच जास्त चालते. तुले तर माहीत आहे, तोंड चालवायले मी कधी कमी नव्हती.

भाऊची एक यादी आहे, प्लास्टिकमध्ये बंद केलेली. सीमंतपूजन, अंतरपाट, मंगलाष्टकं, कन्यादान, सप्तपदी. कोणत्या वेळी कुठं उभं राहायचं तेही लिहिलेलं. भाऊ म्हणते, यादी सोडू नको, म्हणजे चुकणार नाहीस.

मागच्या रविवारी मी पहिल्यांदा एकटीनं लग्न काढलं. त्या दिवशी भाऊचं दुसरीकडं काम होतं. नवरी काजल, नवरदेव धम्मानंद, तो मिहानमध्ये विमानाच्या दुरुस्तीत आहे. तुमच्या पद्धतीचं लग्न, बौद्ध.

ठरवायले मी इंदोऱ्याले काजलच्या घरी गेली. तिची आई कांताबाई अंगणवाडीत आहेत. चहा झाला, मी ऐटीत यादी काढली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली अन् खाली ठेवली. म्हणे, "यातलं आमच्यात काहीच नाही, बाई. तू आमच्यातलं लग्न पाह्यलं का कधी?"

मी म्हटलं, "हो तर! माझ्या जिवलग मैत्रिणीचं. प्रीतीचं."

तोंडातून निघून गेलं, प्रीते. ऑर्डर जाईन म्हणून भ्याली.

त्या एकदम मोकळ्या झाल्या. म्हणे, "मग काही टेन्शन नाही. मले एकच फोटो पाहिजे. माझ्या लग्नात प्रतिज्ञा म्हणायच्या वेळी माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही. माझी प्रतिज्ञा मामानं म्हटली. काजल स्वतः म्हणणार आहे, माइकवर, पाठ. तिचा तेव्हाचा फोटो काढ. बाकी हजार काढ नाहीतर काढू नको."

मी वहीत लिहिलं, काजल, प्रतिज्ञा, नक्की. ती केव्हा असते, कुठं उभं राहून म्हणते, कोणाकडं तोंड करून, हे काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर माझं बिंग तिथंच फुटलं असतं.

जोडीचा शूट मस्त झाला. आमच्याच बागेत नेलं त्यायले. धम्मानंद हसायलाच तयार नाही. विमानाचे पेच आवळून आवळून तोंडही आवळलं गेलं असन. काजलनं त्याच्या तोंडात संत्र्याची फोड कोंबली, ती निघाली आंबट, तेव्हा कुठं चेहरा हलला. बाबानं दोघायले टोपलीभर संत्री दिली. नावं विचारली, अन् मग बाबा पंप पाहायले निघून गेले. पाणी सुद्धा विचारलं नाही. मी पण नाही विचारलं.

लग्न समाजभवनात होतं. मी दोन तास आधी हजर. समोर टेबलावर बुद्धाची अन् बाबासाहेबांची प्रतिमा, फुलं, मेणबत्त्या. काजल पांढऱ्या साडीत, लय साजरी दिसत होती. बौद्धाचार्य आले, मेणबत्त्या लागल्या, सारे उभे राहून त्रिशरण, पंचशील म्हणाले. मी ते सारं काढलं. मले वाटलं ही सुरुवातीची प्रार्थना. मग बौद्धाचार्य माइक घेऊन बोलायले लागले. मले वाटलं भाषण. आमच्याकडं लग्न लागायच्या आधी अर्धा तास सत्कार अन् भाषणं चालतातच, तू पाह्यलंच आहे. बँड नाही, अंतरपाट नाही, कोणी अक्षता वाटल्या नाहीत. म्हटलं, अजून वेळ आहे. बॅटरी अर्ध्यावर आली होती. प्रतिज्ञेच्या वेळी दगा नको म्हणून दुसरी आणायले मी बाहेर गाडीकडं गेली. दारात दोन पोरी फुलांच्या पाकळ्या वाटत होत्या. मले पण देत होत्या. म्हटलं, ठेवा, येते.

परत आली तर "साधू, साधू, साधू" चालू. पाकळ्या उडून राहिल्या, दोघांच्या गळ्यात हार. मी पटापट फोटो काढले अन् मग बौद्धाचार्यांजवळ जाऊन हळूच विचारलं, "सर, मुख्य लग्न किती वाजता आहे?"

ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "लागलं ना ताई. आत्ताच."

माय वं! प्रतिज्ञा मी बाहेर असतानाच होऊन गेली होती.

मी काजलकडं गेली. म्हटलं, एकदा माइक धर, नुसतं तोंड हलव, मी काढून घेते. रागावली नाही ती. म्हणे, "ताई, मी शब्द दिला ना त्यायले. आता फोटोसाठी खोटा खोटा परत देऊ का?"

कांताबाई जवळच होत्या, त्यांनी सारं ऐकलं. मले वाटलं आता चारचौघात काढतीन माझी. तर त्या माझ्या हाताले धरून पंगतीत घेऊन गेल्या. म्हणे, "पहिले जेव." मी जेवली. पूर्ण ताट जेवली. हात धुतल्यावर त्यांनी विचारलं, "तू मैत्रिणीच्या लग्नाले खरंच गेली होती का वं?"

म्हटलं, "नाही."

"काहून?"

मी रुमालाले हात पुसत राहिली. त्यांनी जास्त ताणलं नाही. इतकंच म्हणाल्या, "मले नको सांगू. तिले सांगितलं का?"

काजलच्या मामेभावानं, पियुषनं, मोबाइलवर थोडा व्हिडिओ काढला होता. कांताबाईंनी सोमवारी मले तो पाठवला. चित्र हलते, पण काजलचा आवाज खणखणीत आहे, एक शब्द अडखळला नाही. अन् अगदी सुरुवातीले, बौद्धाचार्य बोलत असताना, मागं कोपऱ्यात मी दिसते. खांद्यावर बॅग घेऊन दाराकडं जाऊन राहिली. तीन दिवसांत मी तो वीस वेळा पाह्यला असन.

तर आता तुले सांगते.

मले ताप नव्हता, प्रीते. तू पत्रिका घेऊन स्वतः आली होती, मी म्हटलं होतं एक दिवस आधी येऊन मेंदी काढीन. बाबा जाऊ नको म्हणाले नाहीत. म्हणाले, "जा, पण तिथं जेवू नको." मी भांडली असती तर कदाचित ऐकलं पण असतं त्यांनी. मी भांडलीच नाही. तुझ्या दारात येऊन पोट भरलंय म्हणायची हिंमत नव्हती, अन् जेवून घरी यायची तर त्याहून नव्हती. म्हणून भर मे महिन्यात पांघरूण घेऊन पडली. पाचवीपासून बारावीपर्यंत तुझ्या डब्यातली अर्धी भाकर मी खाल्ली, अन् घरी कधी सांगितलं नाही. मले वाटायचं, मी लय हुशार आहे. आता समजते, तेव्हाही मी चोरूनच जेवत होती.

अन् एवढंच नाही. दुसऱ्या दिवशी तू अश्विनच्या हाती बुंदीचा डबा पाठवला. वर चिठ्ठी होती, "बरी झाली की खा." आईनं डबा हसून घेतला, अन् सरळ गोठ्यात जाऊन बैलांच्या गव्हाणीत रिकामा केला. मी खाटेवरून पाहत होती. तुझा भाऊ फाटकात गाडीले किक मारत होता. त्यानं ते पाह्यलं का नाही, मले आजपर्यंत माहीत नाही. संध्याकाळी तुझा फोन आला, बुंदी कशी होती म्हणून. मी म्हटलं, मस्त होती.

त्याच्यानंतर तुझे फोन कमी झाले, मग बंद झाले. मी एकदाही विचारलं नाही काहून, कारण मले माहीत होतं. मले लय लाज वाटते, प्रीते. तेव्हा पण वाटत होती. माफ कर म्हणते, पण नाही केलं तरी मी काही म्हणणार नाही.

काल घरी फोन केला. बाबाले सांगितलं, रविवारी मी लग्नात जेवली, अन् प्रीतीनं बोलावलं तर तिच्या घरी पण जेवीन. बाबानं फोन आईजवळ दिला. आई म्हणे, "तो डबा अजून तुझ्यापाशीच आहे का?" म्हटलं, हो. मग तिनं फोन ठेवला.

डबा माझ्यापाशी आहे. झाकणावर तुझ्या आईचं नाव कोरलेलं, पार्वतीबाई. नागपूरले येताना कपड्यात गुंडाळून आणला. त्यात मी कधी काही ठेवत नाही.

एकोणतीस तारखेले मले सुट्टी आहे. काटोलची सकाळची एसटी धरली तर दहापर्यंत पोचते. तू ये म्हणशील तरच येईन. डबा रिकामा नाही आणणार, बुंदी मीच पाडीन. वाकडीतिकडी होईन, हसू नको. तुझा लग्नाचा अल्बम काढून ठेव. मले पहिल्या पानापासून पाहायचा आहे, अन् तू प्रतिज्ञा कुठं उभी राहून म्हटली ते तुझ्याच तोंडून ऐकायचं आहे. मग तुझ्या पंगतीत जेवायले बसीन. नाही म्हणायचं असन तरी एक ओळ लिही. डबा मी अश्विनजवळ पोचता करीन.

घरच्या मोठ्यायले जय भीम सांग, पोरीले पापा.

तुझी,
जिले ताप नव्हता, ती
वैभवी