खुर्चीतली सारजा

परंडा,
३ मार्च १९८४

चि. सौ. सारजा हिस,

तुला अनेक आशीर्वाद, शंकरप्पांना नमस्कार. मी ठीक आहे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी गाव अजून हेडबाईच म्हणतं आणि माझे जुने विद्यार्थी मला पाहून विड्या लपवतात. यंदा हरभरा बरा आहे. कारखान्याच्या निवडणुकीची जीप रोज दारावरून ओरडत जाते.

अकरा वर्षांत तुझी एक ओळ नाही. हे पत्र तरी फोडशील ना, या धास्तीने सकाळपासून तीन कागद फाडले.

मी ठीक नाही. वर्षभर छाती धडधडते, श्वास अडकतो. सोलापुरात हृदय तपासलं, ते ठणठणीत. मग कुर्डुवाडीहून गाडी धरून पुण्याला गेले, चार महिने राहिले. पहिले डॉक्टर मनोविश्लेषणवाले. मला कोचावर आडवं करून स्वतः डोक्यामागे बसायचे. मी बोलायचं, त्यांनी 'हं' म्हणायचं. वडील, कॉन्व्हेंटच्या सिस्टर, लहानपणची स्वप्नं, सगळं उकरलं. शेवटी म्हणाले, "तुम्हाला धाकट्या बहिणीचा मत्सर होता." एवढं सांगायला तीन महिने!

मग एका तरुण बाईंकडे गेले. त्यांची गेस्टाल्ट पद्धत. तिथे 'का' विचारत नाहीत, आत्ता काय होतंय एवढंच विचारतात. "आत्ता तुमचा हात काय करतोय?" मी म्हटलं, "तुमच्या थोबाडीत द्यायला शिवशिवतोय." हसल्या. समोर रिकामी खुर्ची ठेवून म्हणाल्या, "इथं सारजाबाई आहेत. बोला."

खुर्चीला मी चांगलं सुनावलं. आई आठ महिने अंथरुणावर होती, तेव्हा कुठे होतीस? मग बाईंनी मलाच त्या खुर्चीत बसवलं. "आता तुम्ही सारजा. उत्तर द्या."

तोंडातून "बरं आक्का" एवढंच निघालं. पुढे काही येईना. सारजा, मला तुझं दुसरं वाक्यच ठाऊक नव्हतं. मी कधी बोलू दिलं होतं? तिथेच श्वास अडकला.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात, एप्रिलात तू लिहिलंस, आईला बघायला येते. मी कळवलं, इथे प्यायला थेंब नाही, लेकरं घेऊन येऊ नकोस. ते खोटं होतं. शाळेच्या आडाला मे संपेपर्यंत पाणी होतं. आई दिवसभर विचारायची, "सारजी कुठंय? आली का?" हगणं-मुतणं मी काढायचं आणि तोंडात नाव तुझं. तू आलीस तर ती तुझ्याकडेच बघेल, हे मला सोसणार नव्हतं. मी कळवल्यापासून नवव्या दिवशी ती गेली. तू मातीलाही पोचली नाहीस. मी लोकांना सांगितलं, "तिला सवड कुठली?" ते तुझ्या कानावर गेलं, आणि तू लिहायचं थांबलीस.

बाई म्हणतात, खुर्चीशीच बोलत राहा, हळूहळू मोकळं वाटेल. मेलेल्या माणसासाठी ते ठीक. तू तिकडे सासरी मुरूमला जिवंत असताना मी लाकडाची मनधरणी का करू?

शुक्रवारी येते. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. उघडलंस तर अकरा वर्षांचं सगळं बोल, शिव्या घाल. मी मध्ये तोंड घालणार नाही. जन्मात कधी जमलेलं नाही, म्हणून त्याचीच भीती जास्त वाटते.

तुला आईपर्यंत पोचू न देणारी,
आक्का