नकाशावरचं ‘ओसाड’

७ जुलै, सोमवार
ओसाड! म्हणे ओसाड! हरसूलच्या पलीकडच्या दरीत, नदीकाठी उंबरदांड पाडा. बावीस घरं. आणि धरणासाठी आम्ही काढलेल्या नकाशावर तिथे काय लिहिलंय – ओसाड! बुडणाऱ्या वस्त्यांच्या यादीत पाडाच नाही. म्हणजे उद्या पाणी चढलं की या लोकांना ना जमीन, ना घर.

पाड्यावरचे वाळूबाबा दोन एसट्या बदलून आमच्या अंबडच्या ऑफिसात आले होते. "आमी ओसाड, तं मंग तुमच्यापुढं ह्ये कोण उभं हाय?" मी चहा पाजला. दुसरं काय करणार!

८ जुलै
मूळ सापडलं. शंभर वर्षांपूर्वीचा इंग्रजांचा नकाशा. सुरेख काढलाय मेल्यांनी – नदीचं एकेक वळण, एकेक ओहोळ, टेकड्यांच्या उंच्या. माणसं तेवढी दिसली नाहीत! आणि आम्ही शहाणे, तोच कॉम्प्युटरवर गिरवत बसलो.

वाळूबाबांना फोन लावला. म्हणाले, "मापणारं येत्यात कोरड्या दिवसांत. तवा आमी घरी नसतो. दिवाळी झाली का दारं लावायची न् द्राक्षाच्या कामाला खाली जायाचं. माजा आजा लाकूडतोडीला जायचा. पावसात ये, मंग बघ चुली किती पेटत्यात."

पावसात कोण जातंय! गोऱ्या साहेबाचे बूट भिजले असते ना! बंद दारं बघितली, तंबूत बसला, लिहून मोकळा. असा संताप आलाय!

९ जुलै
पोहे खारट झाले म्हणून पूजावर ओरडलो. बायकोची काय चूक! माफीही मागितली नाही.

१० जुलै
ऑफिसात वरिष्ठ किशोर सरांशी कडाक्याचं भांडण. यादी पंधरा तारखेला सरकारकडे जाणार. सर म्हणतात, "आता कशाला उकरून काढतोस? फेब्रुवारीत जागेवर जाऊन पाहणी झालीय." कसली डोंबलाची पाहणी! कोणी केली? "फाईलमध्ये सही आहे, बघ." बघतोच. त्या माणसाची कॉलर धरून त्याला वाळूबाबांसमोर उभा करतो. लाज कशी वाटली नाही!

११ जुलै
फाईल मिळाली. एकाच दुपारी सह्या केलेले चाळीस कागद. उंबरदांडचा एकतिसावा. ‘जुन्या नकाशाप्रमाणे ओसाड. प्रत्यक्ष पाहिले.’

सही माझी आहे.