डाव्या बाजूचे फाउंडेशन

१२ नोव्हेंबर २०२४, सावली

गाडीत बसणे ही आजपासून शिक्षा झाली. संघप्रियेने इंजिनाखालची मूळची काळी रबरे काढून टाकली आणि त्यांच्या जागी कोइम्बतूरहून मागवलेले पिवळे, दगडासारखे कठीण ठोकळे बसवले. गॅरेजवाले या वस्तूला फाउंडेशन म्हणतात. दोन्ही बाजूंना एकेक आणि खाली एक, अशा तिन्हींवर इंजिन तोललेले असते. कन्येचे म्हणणे असे की रबर मऊ. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन मागे झुलते, वळणावर गिअर निसटतो आणि निमिष वाया जाते. पंधरा डिसेंबरला चंद्रपूरजवळच्या माळावर मोटारींची शर्यत आहे. तेथे म्हणे निमिषालाच किंमत!

"इंजिन हललंच नाई पायजे, बाबा."

इंजिन आता हलत नाही, हे खरे. आम्ही हलतो. गाडी उभी असली तरी आसन, दार, आरसा, दातांची कवळी, सर्व काही थरथरत असते. जो कंप रबर मुकाट्याने गिळत होते, तो आता माणसांनी गिळायचा.

मी एकतीस वर्षे महाविद्यालयात पाली शिकवली. हिला नवव्या वर्षी सुत्ते मुखोद्गत होती, आणि उच्चार असा की भन्तेंनी मान डोलवावी. आज एकोणतिसाव्या वर्षी पुण्याची नोकरी सोडून ही मुखरू मिस्त्रीबरोबर गडचिरोली रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडीखाली निजलेली असते. असो.

१५ नोव्हेंबर, पौर्णिमा

उपोसथ. अष्टशील घेतले. दिवसभर मौन. मनात मात्र त्या गाडीचीच घरघर.

१६ नोव्हेंबर

शनिवार, म्हणून पत्नीला, रुखमेला, चंद्रपूरला फिजिओथेरपीसाठी न्यावे लागले. पक्षाघाताला या महिन्यात दोन वर्षे पूर्ण झाली. वाणी परत आली, तोंड सरळ झाले, परंतु डावे अंग आहे आणि नाही. हात उचलून ठेवावा लागतो. डाव्या पायातली चप्पल वाटेत गळून पडली तरी तिला पत्ता नसतो; मागून येणाराच सांगतो.

घरात वाहन एकच. संघप्रिया चालवते, रुखमा तिच्या डावीकडे पुढे बसते, मी मागे. वाटेत मूल गावचे रेल्वे फाटक बंद होते. वीस मिनिटे इंजिन चालू ठेवून उभे राहिलो, कारण कन्या म्हणते की नवे ठोकळे बसेपर्यंत सारखे बंद-चालू करू नये. आरशात पाहिले. रुखमेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"दुखते का? थांबवायला सांगू?" मी विचारले.

तिने फक्त मान हलवली. "नाई जी."

या बाईने आयुष्यात कधी दुखते म्हणून सांगितले आहे? मुलीच्या हौसेपायी ती हेही सोसणार!

१९ नोव्हेंबर

कन्येशी वाद झाला. मी म्हणालो की ज्या मार्गाने आईच्या डोळ्यांत पाणी येते, त्या मार्गाने मिळालेले पदक गळ्यात घालवते तरी कसे. तिने पाना खाली ठेवला, हात पुसले. हजार किलोमीटर झाले की थरथर निम्मी होईल, म्हणाली. पंधरा तारखेपर्यंत थांबा, म्हणाली. आणि जाता जाता —

"आईले एकदा विचारून पाहा ना, बाबा."

जणू मी विचारले नव्हते. बेचाळीस वर्षांच्या सहवासानंतर पत्नीचे अश्रू वाचण्यासाठी मला दुभाष्या लागेल काय?

शेजारच्या इंदुताईंचे निराळेच. कुंपणावरून ओरडून म्हणाल्या, "बापूरावभाऊ, तुमची गाडी उभी राह्यली तरी नाचते जी! वरातीले देता का?" रुखमा हसली. खूप दिवसांनी हसली. मला नाही हसू आले.

२३ नोव्हेंबर

पुन्हा चंद्रपूर. नऊला निघावयाचे ठरले होते. रुखमेने हट्टाने दहा वाजवले. दहाला निघाले की मूलचे फाटक हमखास बंद सापडते हे तिला ठाऊक आहे, मी दोनदा सांगितलेही. फाटकाशी उभे असताना चप्पल काढून पाय गाडीच्या तळावर टेकवून बसली होती, डोळे मिटून. ओठ घट्ट मिटलेले. मागे बसून हे सारे पाहणे, आणि काही करता न येणे!

आजारपणाने विवेकही थोडा क्षीण होतो की काय, अशी शंका येते. अन्यथा आपणहून वेदनेकडे कोण जाईल?

२७ नोव्हेंबर

दिवसभर विचार केला. पहाटेच्या वंदनेनंतर उत्तर मिळाले, आणि ते इतके उघड होते की स्वतःचेच हसू आले. कन्येला तिन्ही कठीण हवेत. मला तिन्ही मऊ. दोन्ही टोकेच! मध्यम मार्ग का नको? रुखमा डावीकडे बसते. केवळ डाव्या बाजूचे मूळ रबर परत बसवावे. उजवे आणि खालचे राहू द्यावेत तसेच. तिची शर्यत तिला, हिचे अंग हिला. आयुष्यभर जे तत्त्व वर्गात शिकवले, ते एका मोटारीस लागू पडू नये असे कोठे आहे?

२८ नोव्हेंबर

संघप्रिया टायर आणण्यासाठी नागपूरला गेली. मी शेडवर गेलो. मुखरू एका ट्रॅक्टरचे पोट उघडून बसला होता. मला पाहून उठला, खुर्ची पुसली. त्याच्या दोन्ही मुलांचे दाखल्याचे अर्ज मीच लिहून दिले होते. मला तो नाही म्हणू शकत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. हे लिहिताना बरे वाटत नाही.

त्याने ऐकून घेतले. डोके खाजवले. "पन सर, तिन्ही सारके नसले ना, तं एकावरच सारा..."

मी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला. तार फार ताणली तर तुटते, ढिली ठेवली तर वाजत नाही. सविस्तर समजावले, पंधरा-वीस मिनिटे लागली असतील. तो उभ्या उभ्या ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "तुमी म्हनता तं बराबरच असन, सर."

काम दोन तासांत झाले. डावे फाउंडेशन बॅटरीच्या खाली असते. वरून पाहणाऱ्यास दिसत नाही. "बाईले सांगाचं का?" त्याने विचारले. बाई म्हणजे माझी कन्या. मी म्हणालो, योग्य वेळी मी सांगेन.

३० नोव्हेंबर

करुणा ही अशी कृतीत उतरावी लागते! डाव्या आसनाची थरथर जवळजवळ नाहीशी झाली. मूलच्या फाटकाशी रुखमेने एकदाही डोळे टिपले नाहीत. चप्पल काढली, पाय टेकवला, बराच वेळ पायाकडे पाहत राहिली, आणि चप्पल परत उजव्या हाताने पायात सरकवली.

"आज गाडी मेल्यावानी वाटते," एवढेच बोलली.

संघप्रिया म्हणाली, ठोकळे बसले असतील आई, हजार किलोमीटर झाले ना. मी मागे होतो. त्या वेळी बोललो असतो तर बोलणे सोपे होते. नाही बोललो. असत्य उच्चारले नाही म्हणजे चौथे शील अबाधित राहिले, असा युक्तिवाद मी एखाद्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत वाचला असता, तर त्याला शून्य दिले असते.

७ डिसेंबर

रुखमा चंद्रपूरला यावयास तयार नाही. "कशाले जाऊ?" त्रास दूर केला, तर ही जाणेच सोडते! कोणासाठी काय करावे?

११ डिसेंबर

रुखमेचे जेवण कमी झाले आहे. आईची चालायची काठीही कोपऱ्यातून हलेनाशी झाली, असे संघप्रिया म्हणाली आणि माझ्याकडे न पाहता गाडीखाली गेली. सराव करताना गाडी उजवीकडे ओढते, असेही मुखरूला सांगत होती. टायरवर संशय आहे तिचा. मुखरूने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र उलटले.

१४ डिसेंबर

निजण्यापूर्वी संघप्रिया पाया पडली. त्रिशरण म्हणालो, डोक्यावर हात ठेवला. शब्द ओठांपर्यंत आला होता. उद्याच्या शर्यतीआधी तिचे चित्त विचलित होऊ नये म्हणून गिळला, असे येथे लिहितो आहे. खरे कारण हे नव्हे. मला तिच्यासमोर लहान व्हावयाचे नव्हते.

१५ डिसेंबर, पौर्णिमा

आज शील घेतले नाही. पहाटेच माळावर गेलो होतो.

पहिल्या दोन फेऱ्या उत्तम. लोक "सावलीची पोरगी" म्हणून शिट्ट्या मारत होते, आणि खोटे कशाला लिहू, माझी छाती भरून आली. तिसऱ्या फेरीत डाव्या वळणावर तिने गाडी भरधाव सोडली आणि बोनेटखाली आवाज झाला — वाळलेली सागाची फांदी मोडावी तसा. गाडी सरळ गेली. वळलीच नाही. टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली.

उजवे मनगट मोडले. कपाळाला चार टाके. बाकी सुखरूप आहे. सुखरूप! काय शब्द आहे.

प्लास्टर करवून ती सरळ गाडीपाशी आली. बोनेट उचलले होते, बॅटरी काढली होती. उजवीकडे पिवळे आणि त्याची लोखंडी बैठक दुभंगलेली, खाली पिवळे, डावीकडे काळे. एक बाजू झुलत राहिली आणि सारा झटका दुसरीवर पडला. मुखरू हेच सांगत होता त्या दिवशी, वीणेच्या आधी.

"हे कोनं लावलं?" तिने विचारले.

मी तिच्यापासून चार पावलांवर होतो. मुखरू म्हणाला, "माह्याकडून झालं, बाई. चुकून जुनं लागलं."

तिने डाव्या हाताने बोनेट हळूच खाली लावले. तेच भयंकर. आणि मी, अडुसष्ट वर्षांचा, एकतीस वर्षे शील शिकवलेला माणूस, तसाच उभा राहिलो.

१६ डिसेंबर

मुखरूने शेड उघडली नाही. त्याच्या घरावरून दोनदा गेलो. आत गेलो नाही.

१७ डिसेंबर

सांगितले. सकाळी, चहाच्या आधी, सर्व काही. कल्पना माझी, आज्ञा माझी, मौनही माझेच. मुखरूचा काहीही दोष नाही.

बराच वेळ ती प्लास्टरवरची धूळ डाव्या हाताने झाडत बसली. शर्यतीविषयी बोलेल असे वाटले होते. मनगटाविषयी बोलेल असे वाटले होते. शब्द तयार करून ठेवले होते मी, दोन्हींसाठी.

"डावंच काऊन काढलं, बाबा?"

"तुझ्या आईला त्रास होत होता म्हणून."

ती हसली. असे हसू मी तिच्या तोंडावर कधी पाहिले नव्हते. "एकदा तं विचाराचं असतं आईले. नीट." आणि उठून मुखरूकडे निघून गेली, पायी.

१८ डिसेंबर

आज रुखमेजवळ जमिनीवर बसलो आणि विचारले. उत्तर मनात न ठेवता विचारले, बहुधा प्रथमच.

तिने डाव्या पायाकडे बोट दाखवले. "त्या गाडीत याले कळत होतं जी. मुंग्यावानी. दोन वर्सांनी पहिल्यांदा माहा पाय मले माहा वाटला. म्हनून रडू ये. पोरीले मालूम होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे.

"तुमी समजावलं असतं."