बाबांच्या अंगठ्याचा फोटो

अहो,

वरण-भात झाकून ठेवलाय. मी अहमदपूरला राजकन्याताईंकडे चालले.

बाबांच्या वर्षश्राद्धाचा अल्बम करायला तुम्हीच जुना मोबाइल दिलात. सगळे फोटो कॉम्प्युटरवर घेतले, तर त्यानं आपोआप तारखेप्रमाणं लावले. बाबा कागदावर अंगठा देतानाचा फोटो लातूरच्या दवाखान्यातल्या फोटोंत निघाला. तारीख चुकली असेल म्हणून मोठा करून पाहिला. हाताला सलाईन लावलेलं, डोळे मिटलेले, आणि मनगट धरलेला हात तुमचा. घड्याळावरून ओळखला.

शेत तुमच्या नावावर झालं तेव्हा ताई रडल्या होत्या, "दादा, बाबांनी मला इचारलं बी न्हाई." तुम्ही म्हणालात, "दिवाळीत घरी बसून राजीखुशीनं दिलंय त्यांनी." मीच ताईंना गप्प केलं होतं. जन्मभर गुरुजी असलेला माणूस सही सोडून अंगठा का देईल, हे तेव्हा सुचलंच नाही.

काल विचारलं तर तुम्ही एवढंच म्हणालात, "तो फोटो काढून टाक."

काढला नाही, ताईंना दाखवायला नेलाय. फोन करू नका. दुसरं काही घडलं असेल तर तिथं या आणि त्यांच्यासमोर सांगा. मला लई बरं वाटेल.

बबिता