भाग नऊवर बहिष्कार

३ एप्रिल २०२५, गुरुवार, दुपारी ४ वाजून १० मिनिटे
कान साफ करायच्या काडीने कन्सोलच्या मागच्या जाळीतली धूळ काढत होतो. सत्तावीस फटींपैकी एकोणीस झाल्या होत्या. तेवढ्यात बाबांचा बँकेतून फोन. बदली. नाशिक. दहा मेच्या आत इथून सुटायचं. आई फोन ठेवायच्या आधीच मान वर करून माळ्यावरचे रिकामे खोके मोजायला लागली.

निर्णय एक: मी जाणार नाही. वय सव्वीस. इंदूर, भोपाळ, गुवाहाटी, सध्या कोलकाता. आजवर सामानासारखा फिरलो, आता पुरे. (बी.कॉम. दुसऱ्या वर्षात अडकलं ते गुवाहाटीच्या बदलीमुळे. बदली परीक्षेनंतर पाच महिन्यांनी झाली हे खरं, पण मन आधीच अस्थिर झालं होतं.)

निर्णय दोन: ‘ग्रॅनाइट गेट’ या गेमचा नववा भाग पंचवीस तारखेला येतोय. घेणार नाही. फुकट दिला तरी नाही.

उरलेल्या आठ फटी उद्या.

५ एप्रिल, शनिवार
बेहाला चौरस्त्याजवळ बुबाईदाचं गेमिंगचं दुकान आहे. त्याला माझी योजना सांगितली. दुकानात एक जुना कोपरा करायचा: माझा कन्सोल, माझा तिसरा भाग, माझा सेव्ह केलेला खेळ, ज्यात बाराच्या बारा दरवाजे उघडे आहेत. लोक बघायला येतील, मी शिकवीन. बुबाईदा पान चावत म्हणाला, आरे बाबा, मशीन लेके आओ, बाकी होये जाबे. एक मेपासून. महिना आठ हजार. दुकानामागे शोभादी खोल्या भाड्याने देतात. अनामत सहा हजार, तीस तारखेपर्यंत.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, दोन कागद आण. नोकरीचं लेखी आणि अनामतीची पावती. तीस एप्रिल, संध्याकाळी सहा. सहा वाजून एक मिनिटाला तू नाशिकला.

घरात मॅनेजर असला की प्रेमालाही अंतिम मुदत असते.

९ एप्रिल, बुधवार
नवव्या भागावरचा लेख पूर्ण. चौदा पानं, दोनदा शुद्धलेखन तपासून. मराठीतच लिहिला, कारण ऱ्हस्व-दीर्घाची हमी मी मराठीतच देऊ शकतो. सारांश:

तिसरा भाग म्हणजे एक किल्ला, बारा दरवाजे. नकाशा नाही. मेलात की पुन्हा पहिल्या दरवाजापाशी. याला गेम म्हणतात. पाचव्यात नकाशा आला, आणि कुठे जायचं ते दाखवणारा पिवळा बाण, लग्नात नाव घे नाव घे म्हणून मागे लागणाऱ्या आत्यासारखा. सहाव्यात घोडा आला. त्याला खरारा केला नाही तर तो रुसतो. सातव्यात दरवाजेच काढून टाकले; नाव मात्र तेच. आठव्यात टोप्या विकायला काढल्या. आणि नवव्यात मासेमारी आहे. मी किल्ला जिंकायला आलोय की कालवणाची सोय करायला?

बुबाईदाने चौदाच्या चौदा पानं भिंतीवर लावली. शेवटचं वाक्य: ‘ज्या खोलीत नववा भाग चालू असेल, त्या खोलीत मी बसणार नाही.’

संध्याकाळी पुण्याहून ताईचा फोन. चैत्राली माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आयटीत आहे, म्हणून तिला सगळं कळतं. तिने विचारलं, तू सातवा खेळलायस का? म्हटलं, नाही. आठवा? नाही. मग? म्हटलं, नवव्याचा ट्रेलर अकरा वेळा पाहिलाय. ती हसली. वर म्हणाली, अज्या, बारावा दरवाजा मी उघडला होता, तू घाबरून पलंगाखाली होतास.

वस्तुस्थिती अशी की मी पलंगाखालून मार्गदर्शन करत होतो.

तरीही अनामतीचे सहा हजार पाठवते म्हणाली. अट: फक्त अनामत.

१३ एप्रिल, रविवार
बांधाबांध सुरू. आपल्याकडे प्रत्येक वस्तूचं मूळ खोकं थर्मोकोलसकट जपलेलं असतं. मिक्सरचं खोकं मिक्सरपेक्षा चांगल्या स्थितीत आहे. आईची पद्धत: प्रत्येक खोक्याला नग क्रमांक, आणि वहीत यादी. पण तिचं अक्षर पाहता लेबलांचं काम मी मागून घेतलं.

गेल्या बदलीत पॅकर्सच्या हातून नेमकं ‘काच, सांभाळून’ लिहिलेलंच खोकं आपटलं होतं, आणि ‘इस्त्री’ लिहिलेल्यातून इस्त्री गेली ती गेलीच. धडा: खोक्यावर खरं लिहायचं नाही. कन्सोल, तिसरा भाग, सेव्ह केलेल्या खेळाचं मेमरी कार्ड, सगळं नग क्र. १७ मध्ये एक मेपर्यंत सुरक्षित. वर लिहिलं: भंगार. खाली हिंदीत: कबाड़. खाली बंगालीत, समोरच्या औषधवाल्याकडून तपासून घेऊन. तिन्ही भाषांत, ठळक. कुणालाही शंका राहता कामा नये.

वहीतही तेच लिहिलं. वही पॅकर्सच्या हाती पडू शकते.

१५ एप्रिल, मंगळवार
बंगाली नववर्ष. बुबाईदाने दुकानात बोलावून मिठाईचा पुडा आणि कॅलेंडर दिलं. लेखी मागितल्यावर त्याने कॅलेंडरच्या मागेच लिहून दिलं: अजेय, एक मेपासून, मशीनसह. बाबांनी कागद उजेडात धरला, म्हणाले, शिक्का नाही. पुन्हा गेलो. बुबाईदा म्हणाला, तोमार बाबा लोन देंगे क्या? शिक्का मारला. बाबांनी ठेवून घेतलं. म्हणाले, एक झाला.

ताईचे पैसे आले. शोभादींना आजच देणार होतो, पण त्या डमडमला बहिणीकडे गेल्या आहेत. पंधरा दिवस आहेत.

२५ एप्रिल, शुक्रवार, सकाळी ११.२०
नववा भाग आला. इंटरनेटवर एकाने विचारलं, न खेळता टीका करणारे हे लोक कोण? माझं नाव नव्हतं, पण रोख कळला. चौदा पानांना पुरावा हवा. लॅपटॉपवर घेतला, केवळ संशोधनासाठी. साधी आवृत्ती घेतली तर म्हणतील अर्धाच पाहिला, म्हणून डिलक्स. ५,४९९. आवडला नाही की परत करता येतो, अट दोन तासांच्या आत.

दुपारी १.४०. टाकाऊ आहे. अजून मासेमारीपर्यंत पोचलो नाही. त्याशिवाय परत करणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

सायंकाळी ७.०५. मासेमारीत दोरी ओढायची एक लय आहे, ती ट्रेलरमध्ये कळत नाही. वाईटच आहे. पण लय आहे.

२७ एप्रिल, रविवार
एकशे चार मासे. टोपीशिवाय खोल पाण्यातला मासा येत नाही. टोपी ३९९. टोपीबद्दल लेखात दीड पान आहे, त्यामुळे ती घेणं भागच होतं.

शोभादी परत आल्या आहेत. पैशांचं बघू. पंधराव्या पानाची टिपणं काढतोय.

२८ एप्रिल, सोमवार, दुपारी १२.३०
घोडा रुसला होता, त्याचा खरारा चालू होता. बाहेर बिक्रीवाल्याची, म्हणजे इथल्या रद्दी-भंगारवाल्याची, हाक ऐकू आली. आई दाराशी बोलत होती. मला वाटलं, वर्तमानपत्रं देत असेल.

नग क्र. १७ गेला.

आईला विचारलं, उघडून तरी बघायचंस. ती म्हणाली, उघडायचं कशाला? तूच लिहिलं होतंस, इतक्या सुंदर अक्षरात. त्यालाही वाचता आलं. म्हणाला, दिदी, सगळ्यांनी असं लिहिलं तर आमचे कष्ट वाचतील.

२९ एप्रिल, मंगळवार
बेहालातली तीन भंगारची दुकानं पाहिली. तिसऱ्यात सांगितलं, माल बजबज गावाला गेला. लोकलने बजबज. तिथल्या माणसाने आत नेऊन दाखवलं: ताट-वाटी वेगळी करावी तसं कन्सोलचं तांबं एका बाजूला, प्लॅस्टिक दुसऱ्या बाजूला. जाळी ओळखली. सत्तावीसही फटी स्वच्छ होत्या. मेमरी कार्ड कुणालाच माहीत नाही. तिसऱ्या भागाची तबकडी त्याने कबुतरं हाकलायला गच्चीच्या दोरीवर टांगली होती. उन्हात छान चमकत होती. वीस रुपयांना सोडवली. तो म्हणाला, कबुतरं परत आली तर जबाबदारी तुमची.

३० एप्रिल, बुधवार
सकाळी बुबाईदाला सांगितलं, मशीन नाही, कोपरा नाही. तो म्हणाला, टेन्शन लेना नहीं. गिऱ्हाइकं नवव्याबद्दलच विचारतात, माछ धरता येत नाही म्हणून रडतात. तुला येतं? खिशातल्या फोनमध्ये माझी धावसंख्या होती. दाखवली. तीनशे बारा मासे. त्याने आतल्या दोघांना हाक मारून दाखवलं. म्हणाला, तोर चाकरी पाक्का, कल से बैठ.

मी तत्त्वाचा प्रश्न काढला. म्हटलं, भिंतीवर माझी चौदा पानं आहेत, मी त्या खोलीत बसणार नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तो म्हणाला, ओ मराठी में है, किसी ने पढ़ा ही नहीं. सबको लगा पूजा का कुछ है. एकाने पहिल्या दिवशी पाया पडून अगरबत्तीपण लावली.

विचारांती लेख मागे घेतला. पानं मीच काढली. नोकरी टिकली.

मग शोभादींकडे गेलो. त्यांनी अनामत मागितली. खिशात आठ रुपये. हप्त्याने देऊ का विचारलं. त्या म्हणाल्या, मला पाहून काय वाटतं, मी बँक आहे?

बँक सहा वाजता घरी आली. बाबांनी हात पुढे केला. दुसरा कागद, म्हणाले. मी सगळं सांगितलं, टोपीसकट. ते खुर्चीवर टेकले. मग बूट काढता काढता विचारलं, तीनशे बारा म्हणजे किती किलो?

घड्याळात सहा वाजून चार मिनिटं झाली होती.

९ मे, शुक्रवार, सकाळी ९.१५
पॅकर्स आले आहेत. आई दारात वही घेऊन उभी. एकेक नग वाचते, मुकादम खूण करतो. नग २९, मिक्सर. नग ३०, देव. नग ३१, अजेय, हातात न्यायचा. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं आणि खूण केली.

लॅपटॉप नग ८ मध्ये गेला. लेबल आईने लिहिलं: लॅपटॉप.

हिशेब, कोलकाता मुक्काम अखेर:
ताईकडून जमा, फक्त अनामतीसाठी: ६,०००
नववा भाग, डिलक्स: ५,४९९
टोपी: ३९९
ऑटो, लोकल, बजबज जाऊन येऊन: ७४
स्वतःचीच तबकडी: २०
शिल्लक: ८
ताईला देणे: ६,०००
नग १७ विकून आलेले १८० रुपये आईकडे. मागितले. तिने त्याचे मार्कर आणले, आणि मला त्यांना हात लावायची मनाई आहे.