कॉन्ट्राटेरीन

१२ मार्च १९६६
आमच्या मराठी मंडळाच्या व्याख्यानाचं पत्र आलं. वक्ते इन्स्टिट्यूटमधले प्रोफेसर. विषय इंग्रजीत: ‘कॉन्ट्राटेरीन मॅटर’. मराठी नोटीस काढणं सेक्रेटरीचं काम, म्हणजे माझं. मंडळातला विद्याधर म्हणाला, डिक्शनरी बघा. डिक्शनरी कच्च्या माणसांसाठी असते. कॉन्ट्रा म्हणजे काँट्राबँड. टेरीन तर माझ्या अंगावरच आहे, गुंडूअण्णांनी दिलेला शर्ट. मॅटर म्हणजे प्रकरण. ‘चोरट्या टेरीनचं प्रकरण.’ लॅबोरेटरीत कापड तपासत असणार. पाच मिनिटांत काम फत्ते.

१३ मार्च
चिकपेटला गेलो. गुंडूअण्णा माझ्या बायकोचे, पद्मावतीचे थोरले भाऊ. लेकीच्या, कृष्णवेणीच्या लग्नात जावयाला द्यायला त्यांनी चोरट्या मालातलं सूटचं कापड आणून ठेवलंय. सावध केलं. सरकार आता मंडळापर्यंत पोचलंय म्हटलं. अण्णांचा चेहरा उतरला. मी वेळेवर गेलो म्हणून बरं.

१६ मार्च
प्रोफेसरांचं टिपण आलं. गुपचूप डिक्शनरी उघडली. टेरीन: पृथ्वीचं. कॉन्ट्रा: उलट. आपल्या द्रव्याच्या उलट असलेलं द्रव्य. शब्द जुना, आता अँटीमॅटर म्हणतात. दोन्ही भेटली की दोन्ही नाहीशी होतात, उरते ती ऊर्जा.
नोटीस अजून लागली नव्हती. ‘प्रतिद्रव्य’ केलं. विद्याधरने विचारलं नाही, मी बोललो नाही.
अण्णांना उद्या सांगायचंच.

१७ मार्च
गेलो. घरभर अजून जळका वास. कापड रविवारीच बंबात गेलं. अण्णांनी माझे हात धरून आभार मानले, चिरोटी वाढली. चिरोटी खाताना असली गोष्ट सांगता येत नाही. दोन खाल्ल्या. फार वाईट वाटलं.

२० मार्च
व्याख्यान. अण्णा पहिल्या रांगेत, खास माझ्यासाठी आलेले. प्रोफेसरांनी शब्दाची फोड करून सांगितली. अण्णांनी मागे वळून पाहिलं नाही. शेवटी दारात हळूच म्हणाले, “भावोजी, म्हणजे माझं कापड पृथ्वीचंच होतं?”
मी हो म्हणालो.
“सरी, बरं,” म्हणाले, आणि चपला घातल्या.
उद्या जाऊन नीट माफी मागणार. नक्की.

२४ मार्च
अजून जमलं नाही. ऑफिसात फार काम.
पद्मावती माहेरी जाऊन आली. अण्णांनी मला काही बोल लावला नाही म्हणे. कृष्णवेणीची लग्नपत्रिका तेवढी लिहायला दिली. त्या घरची प्रत्येक पत्रिका आजवर मीच लिहिली आहे.
ही अण्णांनी विद्याधरला दिली.