कुलूप घराबाहेर

आप्पा, उद्या मला हो की नाही ते कळवायचं आहे आणि तुम्हाला विचारल्याशिवाय काही सुचत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी खोड जात नाही. कोलंबोच्या ज्या क्लबात रग्बी खेळून मी पोट भरलं, तो क्लब आता कोच म्हणून परत बोलावतोय. मान आणि खांदा कामातून गेलेत, पण शिकवता येईल म्हणतात. इकडे नाशकात आई आहे, आणि मी आल्यापासून तिची तब्येत जरा बरी दिसते.

खेळातल्या माझ्या जागेचं नाव ‘लॉक’, हे तुम्हाला सांगितलं तिथेच घोळ झाला. ओझरच्या कारखान्यात डबा खाताना तुम्ही सगळ्यांना सांगून टाकलंत, “पोरगं कुलपाच्या कामावर हाय, परदेशात.” मग मी सुट्टीवर आलो की शेजारच्या काकू गंजलेलं कुलूप घेऊन दारात हजर. “एवढं उघडून दे रे बाबा, किल्ली हरवली.” मी तुमच्याकडे बघतोय आणि तुम्ही पेपरात तोंड खुपसून बसलाय. शेवटी मी हिसका दिला, तर कडीच हातात आली. “बघा, केलं ना काम,” तुम्ही म्हणालात. ती चेष्टा होती की तुम्हाला खरंच तसं वाटायचं? अजून कळत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा रागही येतो.

मॅच तुम्ही एकदाच पाहिलीत, आमचा संघ पुण्यात आला तेव्हा. दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात, त्यात लॉक दुसऱ्या रांगेत. पुढच्या गड्यांच्या कुल्ल्यांमध्ये डोकं घालायचं आणि ढकलायचं. परतताना एसटीत तुम्ही म्हणालात, “रुतलेला ट्रॅक्टर काढल्यागत लय रेटलं रे. पण बॉल कुठं व्हता?” मी रुबाबात म्हणालो, “आमच्याच पायांत.”

दुसऱ्या दिवशी मी बॅग उचलली तेव्हा तुम्ही दारातच उभे होतात. “कुलूप घराबाहेरच लटकतं रे. आत ठिवून काय उपेग?” तेवढं बोलून आत गेलात, आणि ती आपली शेवटची भेट ठरली. तुम्ही मला जा म्हणत होतात, की घराबाहेर राहणारा म्हणून टोमणा मारत होतात? काल आईला विचारलं. ती म्हणाली, “त्यांचं बोलणं मला तरी कुठं कळायचं? तू भाकरी खा.”

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून सांगून टाकतो. बॉल कुठे होता ते मला माहीत नव्हतं, आप्पा. मी ठोकून दिलं होतं. तिथे डोकं घातलं की काहीच दिसत नाही. मागून रेटा आला की पुढे जायचं, एवढंच कळतं. आता मागून कुणी रेटत नाही.